प्लग तीन, नंबर एक



मागच्या भागात आपण आमचूर वाळवताना धूळ कशी टाळायची ते बोललो. आजचा विषय गाडीचा आहे, त्यातही गाडीच्या प्लगचा. आता काही जणी रेडिओचा आवाज कमी करतील, हे आम्हाला ठाऊक आहे. "ते माणसांचं काम" असं आमच्या गटातसुद्धा म्हटलं जायचं. पण हप्ता आपण भरतो, गॅरेजच्या बिलावर सही आपली असते, मग गाडीत काय बसवलं ते आपल्याला कळायला नको का?

आमच्या गटाकडे एक जुनी मारुती ओमनी आहे. आपल्या जिल्ह्याचीच, एमएच ३९ पासिंगची, दोन मालकांच्या हातून फिरून आमच्याकडे आलेली. ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून रस्त्यावर आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. म्हणजे आता जी ओमनी दिसेल ती जुनीच. गटाच्या बायकांनी गाडी चालवावी यासाठी सरकारची आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना २०१७ पासून आहे, पण आमची गाडी त्या योजनेतली नाही. गटाच्या नफ्यातून आणि अंतर्गत कर्जातून घेतलेली आहे, म्हणून ती उभी राहिली की आमचा जीव वर-खाली होतो.

आमचं गाव तळोद्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. उन्हाळ्यात धडगाव भागातल्या पाड्यांवरून आमचूर गोळा करायचं, चांदसैली घाट उतरून नंदुरबारला न्यायचं, आणि येताना गटाच्या दुकानाचा किराणा, थोडी लाल मिरची आणायची, हे त्या गाडीचं काम. त्याशिवाय रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की हाक आमच्याच गाडीला. चांदसैली घाट काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. २०२१ च्या पावसाळ्यात दरड पडून रस्ता बंद झाला तेव्हा एका आजारी बाईला खांद्यावरून न्यावं लागलं आणि ती वाटेतच गेली. ती गोष्ट आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही.

तर गेल्या वैशाखातली गोष्ट. गाडीत आमचुराच्या सात गोण्या, पुढच्या सीटवर एका ताईची सून, आठवा महिना, तपासणीला निघालेली. घाटाच्या उतारापर्यंत जायच्या आधी एक चढ आहे, तिथे गाडी हिसके द्यायला लागली. पिकअप नाही, सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज. गाडी चालवणारी आमची वहिनी हुशार आहे. तिने पहिला गिअर टाकला, पण थोड्या वेळात गाडी बंदच पडली. ऊन उतरलं तेव्हा मागून एक जीप आली, तिच्यात सुनेला बसवून पुढे पाठवलं. ती बरी आहे, तिला मुलगी झाली, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच राहील. गोण्या आणि वहिनी मात्र रात्री दहापर्यंत घाटात.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून एका गॅरेजला नेली. त्यांनी ऐकूनच सांगितलं, "इंजिन काम मागतंय." अंदाज दिला अठरा हजारांचा. आम्ही बैठक घेतली. निम्म्या जणी म्हणाल्या, भंगारवाल्याला देऊन टाकू, जे येतील ते येतील. दोघी जणी तर भाव विचारूनही आल्या होत्या. ठराव लिहायला घेतला तेवढ्यात एका ताईचे सासरे म्हणाले, "विकायची तर विका, पण आधी प्लग काढून बघितले का?" हे काका पूर्वी शहाद्याला गाड्यांची कामं करायचे. आता हात कापतात, पण डोळा पक्का आहे.

मैत्रिणींनो, त्या दिवशी काकांनी जे दाखवलं ते तुम्हाला जमेल तसं सांगतो.

ओमनीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की दिसतं. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. तीन सिलिंडर म्हणून तीन प्लग. प्लगचं काम चुलीतल्या काडेपेटीचं. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं गेलं की नेमक्या क्षणी ठिणगी पडायला हवी. बॅटरी आपली १२ व्होल्टची, पण कॉइल ती वीज काही हजार व्होल्टपर्यंत चढवते आणि प्लगच्या टोकाशी जी बारीक फट असते, तिच्यातून ती उडी मारते. तीच ठिणगी. इंजिन जोरात फिरत असताना हे एका मिनिटात शेकडो-हजारो वेळा होतं. एका सिलिंडरची ठिणगी चुकली की तीन बैलांच्या जागी दोनच बैल ओढतात. सपाटीवर खपून जातं, घाटात उघडं पडतं. आमचं तसंच झालं होतं.

एक लक्षात ठेवा, हे सगळं पेट्रोलच्या किंवा गॅसच्या गाडीचं आहे. धडगाव-मोलगीच्या रस्त्यावरच्या जीपगाड्या बहुतेक डिझेलच्या. डिझेलला ठिणगी लागत नाही, हवा दाबूनच ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. त्यात 'हीटर प्लग' असतो तो वेगळा. तेव्हा जीपवाल्या भाच्याचा सल्ला ओमनीला लावू नका.

काकांनी वहिनीला सांगितलं, आधी इंजिन थंड होऊ दे. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग पिळला तर आटे खराब होतात. मग सायकलच्या पंपाने प्लगभोवतीची धूळ उडवली, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. मग वायरीवर चिकटपट्टी लावून १, २, ३ लिहिलं, कारण वायरी अदलाबदल झाल्या तर गाडी चालूच होणार नाही. वायर ओढताना टोपीला धरून ओढायची, वायरीला नाही. प्लगचा लांब पाना घेऊन एकेक प्लग काढला आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडला.

तिन्ही वेगवेगळे! अगदी आमच्यासारख्या अडाण्यांनाही दिसलं.

पहिला जुना, पण बरोबर. त्याचं टोक भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखं फिकट तपकिरी. काका म्हणाले, हा रंग निरोगी. दुसऱ्याचं टोक पांढरं, चुलीतल्या राखेसारखं, आणि कडा झिजलेल्या. तिसरा तव्याच्या बुडासारखा काजळीने काळा, आणि त्याचा आट्यांचा भाग इतर दोघांपेक्षा चक्क बोटाच्या अर्ध्या पेरानं आखूड!

तेव्हा आम्हाला दिवाळी आठवली. एक प्लग वाटेत गेला होता. वहिनीने पहिल्या दिसलेल्या दुकानात जाऊन "गाडीचा प्लग द्या" म्हटलं, त्यांनी दिला. नंतर महिन्याभराने दुसरा एक बदलला, दुसऱ्याच दुकानातून. दुकानांची नावं आम्ही घेणार नाही, कारण चूक अर्धी आमची. आपण बांगड्या घ्यायला जातो तेव्हा माप सांगतो ना? 'बांगडी द्या' म्हटलं तर दुकानदार हाताला येईल ती देईल.

मग प्लगचं माप कसं सांगायचं? सगळं त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. पांढऱ्या चिनीमातीवर इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा. उदाहरण म्हणून एनजीके कंपनीचा बीपीआर६ईएस हा नंबर घ्या. (तुमच्या गाडीला हाच लागतो असं नाही, फक्त वाचायचं कसं ते सांगतो.) पहिला 'बी' सांगतो की आट्याची जाडी १४ मिलिमीटर. 'पी' म्हणजे टोक थोडं पुढे आलेलं. 'आर' म्हणजे आत रोधक आहे. '६' हा उष्णतेचा आकडा. 'ई' म्हणजे आट्याची लांबी १९ मिलिमीटर. 'ई'च्या जागी 'एच' असेल तर लांबी १२.७ मिलिमीटर. शेवटचा 'एस' म्हणजे साधा तांब्याच्या गाभ्याचा प्लग.

आमचा तिसरा प्लग 'एच' वाला निघाला. काका म्हणाले, असले आखूड प्लग स्कूटर-रिक्षांना चालतात. जाडी सारखी असल्यामुळे तो पिळून बसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण ठिणगी सिलिंडरमध्ये पडण्याऐवजी वरच्या भोकातच पडते, जाळ नीट पसरत नाही, आणि खालचे रिकामे आटे काजळीने भरतात. उलट प्रकार त्याहून वाईट. आखूड भोकात लांब प्लग घातला तर खालून वर येणारा पिस्टन त्याच्यावर आपटू शकतो, आणि मग खरोखरच इंजिन काम मागतं. म्हणून नवा प्लग घेताना जुना सोबत न्या आणि दोन्ही शेजारी उभे धरून आटे मोजा. याला इंग्रजी यावं लागत नाही.

आता उष्णतेचा आकडा. इथे जरा सावकाश ऐका, कारण भले भले दुकानदार इथे चुकतात.

आपल्याकडे मांडे भाजायला मातीचं खापर वापरतात. ते उष्णता धरून ठेवतं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं उतरवलं की लगेच निवतं. प्लगचंही तसंच आहे. काही प्लग टोकाची उष्णता धरून ठेवतात, त्यांना गरम प्लग म्हणतात. काही ती पटकन हेडकडे सोडून देतात, ते थंड प्लग. टोक साधारण ४५० अंशांच्या खाली राहिलं तर त्यावरची काजळी जळत नाही, साचत जाते. ८५० अंशांच्या वर गेलं तर ते निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण आधीच पेटतं. त्याने पिस्टन जळू शकतो. म्हणून कंपनीने त्या इंजिनासाठी मोजून एक आकडा ठरवलेला असतो.

गंमत अशी की एनजीकेचा आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. बॉशचा आकडा जितका मोठा, तितका प्लग गरम. बरोबर उलटं! एनजीकेच्या ६ ला बॉशचा साधारण ७ जुळतो, पण एनजीकेच्या ५ ला बॉशचा ८. आमच्या दुसऱ्या प्लगचं टोक पांढरं पडलं ते यामुळेच. एका कंपनीचा आकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा घेतला होता, आणि तो गरजेपेक्षा गरम निघाला. कंपनी बदलायची असेल तर आकडा पाहून नाही, जुळणीचा तक्ता पाहून बदला. चांगल्या दुकानात तो असतो. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी 'मायको'चा प्लग असेल. ती बंगळुरूची मायको म्हणजेच आजची बॉश, २००८ मध्ये नाव बदललं. त्यामुळे जुन्या गाडीच्या पुस्तिकेत मायको लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका.

मुळात कोणता नंबर बरोबर, हे गाडीची पुस्तिका सांगते. आमच्याकडे पुस्तिका नव्हती, तिसऱ्या मालकाकडे ती कुठून येणार! पण गाडीचं मॉडेल, वर्ष, कार्बोरेटरची की इंजेक्शनची, आणि गॅस किट आहे का, एवढं सांगितलं की कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानात नंबर मिळतो. गाडीत आहे तोच नंबर बरोबर असं धरू नका. आमच्या गाडीत तर तीन होते.

'आर' अक्षराबद्दल एक सांगायचं राहिलं. रोधक नसलेला प्लग घातला तर ठिणगीची वीज आसपास पसरते आणि गाडीतल्या रेडिओत खरखर येते. इंजेक्शनच्या गाड्यांत तर त्यांच्या छोट्या संगणकालाही ती त्रास देऊ शकते. आमच्या गाडीत हा कार्यक्रम ऐकताना इंजिनाच्या तालावर टर्र-टर्र यायची. आम्ही बापड्या स्टेशनला दोष देत होतो!

महागाचे प्लग घ्यावेत का, असं नेहमी विचारलं जातं. इरिडियमचे प्लग मिळतात, साध्याच्या कितीतरी पट महाग. ते जास्त टिकतात हे खरं. पण जुन्या ओमनीला, मारुती ८०० ला साधे प्लग पुरतात. ते १५-२० हजार किलोमीटर चालतात आणि शंभर-सव्वाशे रुपयांना एक मिळतो. महाग प्लग घातला की गाडी पळेल, ॲव्हरेज वाढेल, हे आमच्या मते विकणाऱ्याचं बोलणं. तेवढ्या पैशात एअर फिल्टर बदला. गॅसवर चालणाऱ्या गाडीला मात्र ठिणगी जोरकस लागते आणि फट बहुधा थोडी कमी ठेवतात, तेव्हा किट बसवणाऱ्याला विचारूनच नंबर ठरवा. आणि नकली प्लगपासून सांभाळा. छपाई पुसट, आटे खरखरीत, वॉशर हलका, खोक्यावरचा नंबर एक आणि प्लगवरचा दुसरा, असं काही दिसलं तर घेऊ नका. पक्कं बिल मागा. बिल मागितलं की काही ठिकाणी माल बदलून येतो, हा आमचा अनुभव.

फटीचंही माप असतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना साधारण पाऊण मिलिमीटर, नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांना एक मिलिमीटरच्या आसपास. नेमकं पुस्तिकेप्रमाणे. जुने मिस्त्री करवतीचं पातं घालून बघतात, ते जुन्या गाडीला कामचलाऊ आहे. फिलर गेज काही फार महाग नसतो. फट कमी-जास्त करायची तर बाहेरची वाकडी दांडीच हळू वाकवायची, मधल्या टोकाला हात लावायचा नाही.

तिन्ही प्लग एकाच नंबरचे आणले. तिसऱ्या भोकातले आटे काजळीने भरलेले होते, तिथे नवा लांब प्लग जबरदस्तीने पिळला असता तर हेडचे आटेच गेले असते. काकांनी आटे साफ करायच्या हत्याराला ग्रीस लावून ते सावकाश फिरवलं, काजळी ग्रीसला चिकटून बाहेर आली. मग काकांनी पाना बाजूला ठेवायला लावला. प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा, अडला तर उलटा काढून पुन्हा. बोटांनी पूर्ण बसला की मग पान्याने साधारण अर्धा फेरा, जास्तीत जास्त त्याहून थोडा. नव्या प्लगचा वॉशर तेवढ्यात दबतो. अंगातला सगळा जोर लावायचा नाही. वहिनी म्हणाली, "म्हणजे लोणच्याच्या बरणीचं झाकण." काकांना ते पटलं.

गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. तिन्ही प्लगचे मिळून चारशेच्या आत पैसे गेले. अठरा हजारांचा ठराव अर्धवट लिहिलेला तसाच वहीत आहे, त्यावर आडवी रेघ मारून सगळ्यांनी सह्या केल्या.

काही गाड्यांचं दुखणं खरंच इंजिनाचं असतं, हेही सांगायला हवं. प्लग काळा असून तेलाने ओला असेल, तर तेल आत येतंय, रिंगा किंवा सील झिजलेत, आणि नवा प्लगही काही दिवसांत तसाच होईल. तिन्ही प्लग कोरड्या काजळीने सारखेच काळे असतील, तर प्लगला दोष देऊ नका, एअर फिल्टर आणि पेट्रोलचं मिश्रण बघा. प्लग काढून बघितल्याशिवाय मोठ्या कामाला होकार देऊ नका, एवढंच आमचं म्हणणं.

'माणसांचं काम' यावरून एक जुनी गोष्ट आठवते. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याने बनवलेली गाडी घेऊन दोन मुलांसोबत माहेरी निघाली, सुमारे शंभर किलोमीटर. नवऱ्याला न विचारता! गाडीने इतका लांबचा प्रवास तोवर कुणी केला नव्हता. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. ठिणगीची वायर उघडी पडली, तिच्यावर मोज्याचा पट्टा गुंडाळला. आमच्या वहिनीला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "माहेरी जायचं म्हटल्यावर कोणतीही गाडी दुरुस्त होते."

आता आमच्या गटाच्या रजिस्टरमध्ये गाडीचं एक पान आहे. त्यावर प्लगचा नंबर, बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि दुकानाचं बिल चिकटवलेलं. वहिनीच्या मोबाइलमध्ये प्लगचा फोटो आहे, आणि डिक्कीत एक नवा प्लग कापडात गुंडाळून ठेवलेला असतो. तो आखूड प्लग आम्ही टाकला नाही. खजिनदार ताईच्या पेटीत शिक्क्याशेजारी आहे, बैठकीत नव्या बायकांना दाखवायला.

पाना आणि फिलर गेज आमच्याकडे आहे. ज्या गटाकडे पेट्रोलची गाडी असेल त्यांनी प्रभाग संघाच्या पुढच्या बैठकीला ती घेऊन या. सकाळी लवकर पोहोचा, म्हणजे बैठक संपेपर्यंत इंजिन थंड होईल. मग सगळ्या मिळून प्लग काढून बघू.